वास भिंतीतून येत नाही

इंग्लंडमध्ये जुन्या, रांगेतल्या घरात राहणाऱ्याने ‘शेजाऱ्याच्या सिगारेटचा वास आमच्या बैठकीच्या खोलीत येतो’ असं सांगून पाहावं. तक्रार संपायच्या आत सल्ले सुरू होतात. ते देणारे हितचिंतकच असतात, पण बहुतेक सल्ले आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी या जातीचे.

पहिला पक्ष म्हणतो, नऊ इंची विटेच्या भिंतीतून धूर येईलच कसा? तुमच्या मनाचे खेळ. भिंतीबद्दल हे लोक बरोबर आहेत, घराबद्दल नाहीत. व्हिक्टोरियन गवंड्याने गिलावा दिला तो डोळ्याला दिसणाऱ्या भागाला. तळमजल्याच्या फळ्यांखालची पोकळी, किंवा खालचं छत आणि वरची जमीन यांच्यामधली वीतभर जागा, इथे वीट उघडीच राहिली. कित्येक घरांत तुळयांची टोकं दोन्ही बाजूंनी याच सामाईक भिंतीत रोवलेली असतात. शंभर-सव्वाशे वर्षांत लाकूड आक्रसतं, चुन्याचे सांधे झडतात, टोकांभोवती फटी पडतात. सिगारेटच्या धुराचे बहुतेक कण एक मायक्रॉनपेक्षाही लहान. त्यांच्यासाठी हा हमरस्ताच. वास भिंतीतून येत नाही, भिंतीने सोडलेल्या जागेतून येतो.

दुसरा पक्ष जास्त घातक, कारण तो शहाणपणाचा वाटतो: बाथरूमचा पंखा चालू ठेवा, वास बाहेर जाईल. इंग्लंडच्या बांधकाम नियमांनुसार बाथरूमच्या पंख्याने सेकंदाला किमान 15 लिटर हवा बाहेर टाकायची, शेगडीवरच्या हूडने 30. ठीक. पण तेवढी हवा घरात येणार कुठून? दारं-खिडक्या घट्ट बंद असतील, तर ती मिळेल त्या फटीतून येते, आणि त्यातल्या काही फटी शेजाऱ्याकडे उघडतात. म्हणजे आपणच विजेचे पैसे भरून त्याचा धूर ओढून आणतो! हिवाळ्यात पंख्याचीही गरज नसते. तापलेली हवा वर चढते, माळ्यातून निसटते आणि तळमजला तिची भरपाई जमिनीखालून करतो. वासाची तक्रार थंडीत वाढते ती यामुळेही. पंखा बंद करावा असं मी म्हणत नाही. ओल आणि बुरशी नकोच. पण त्याच खोलीची खिडकी बोटभर उघडी ठेवा, म्हणजे त्याची भूक तिथेच भागेल.

माळ्यावरून घरात हवा ढकलणारी यंत्रंही मिळतात. कल्पना चांगली, कारण घरातला दाब किंचित वाढला की फटींतला प्रवाह उलटतो. मात्र आधी माळ्यावर चढून पाहा. अनेक जुन्या रांगांत छपराखाली दुभाजक भिंत बांधलेलीच नाही. तिथे हे यंत्र शेजाऱ्याच्या माळ्यावरची हवा आपल्या जिन्यात सोडेल.

सुगंधी मेणबत्त्यांवर शाई खर्चायला नको. हवा शुद्ध करणाऱ्या यंत्राची जाळी कण पकडते. वासाचे वायू पकडायला सक्रिय कोळसा लागतो आणि तो भरला की संपला.

मग कायदा? इंग्लंडमध्ये 1 जुलै 2007 पासूनची धूम्रपानबंदी बंदिस्त सार्वजनिक जागांना आणि कामाच्या ठिकाणांना आहे, खासगी घराला नाही. 1990च्या पर्यावरण संरक्षण कायद्यात धुराच्या उपद्रवाचं कलम आहे. ते लागू करायला भांडा हवं तर. नोटीस निघाली तरी फट बुजत नाही.

आता करायचं ते. आपल्या लोकांकडे लागणारं उपकरण देवघरातच असतं: अगरबत्ती. थंड दिवशी पंखा चालू करून ती सामाईक भिंतीच्या कडेने, स्कर्टिंगच्या खालून, विजेच्या बोर्डापाशी, नळ जिथून आत येतो तिथे हळूहळू फिरवा. धुराची रेघ खोलीकडे वाकली, की तिथे फट आहे. (पडदे सांभाळा.) मग भिंतीलगतच्या फळ्या उचलून झडलेले सांधे चुन्याच्या गिलाव्याने आणि तुळयांची टोकं लवचीक सीलंटने बुजवा. स्कर्टिंगच्या खालची फट सर्वांत शेवटी. तिथून सुरुवात केली तर धूर दुसरी वाट शोधतो. बाहेरच्या भिंतीतल्या हवेच्या जाळ्यांना हात लावू नका, नाहीतर फळ्यांखालचं लाकूड कुजेल.

धुराड्याचं प्रकरण वेगळं. दोन घरांच्या नळ्या एकाच धुराड्यातून वर जातात. मधले विटांचे पातळ पडदे झिजले की धूर पलीकडून उतरतो. शेजारी लाकूड किंवा कोळसा जाळत असेल, तर त्याच्याबरोबर कार्बन मोनॉक्साइडही येऊ शकतो, आणि त्याला वास नसतो. इथे स्वतःची कारागिरी नको. अलार्म लावा, धुराड्याच्या जाणकाराला बोलवा.

‘त्याच्या व्यसनाचा खर्च मी का करू?’ हा आक्षेप मात्र रास्त आहे, आणि त्याचं उत्तर नैतिक नाही, व्यावहारिक आहे. त्याच फटींतून आपली ऊब जाते, त्याचा टीव्ही ऐकू येतो, आणि उद्या त्याच्याकडे खरोखर आग लागली तर तो धूरही याच वाटेने येईल. शिवाय वाट दुतर्फा आहे. हिंगाच्या फोडणीचं काय होतं, हे कधी पलीकडे विचारलंय?