एक गड जिंकणाऱ्याचा, एक हरलेल्याचा

दर ऑक्टोबरात आपलं मंडळ मँचेस्टरला नव्याने शिकायला आलेल्या मुलामुलींना उत्तर वेल्सचे किल्ले दाखवायला नेतं. सकाळी लवकर बस निघते, ब्युमारिस, कार्नार्वन आणि कॉन्वी असे तीन किल्ले होतात, आणि रात्री सगळे आपापल्या खोलीवर. घर सोडून आलेल्या मुलांना पहिल्या महिन्यात माणसं भेटतात, डबा वाटून खाता येतो. ही सहल बंद व्हावी असं मला मुळीच वाटत नाही. पण ती बदलावी, असं माझं ठाम मत आहे. तीनपैकी एकच किल्ला ठेवावा, तो कॉन्वी. आणि दुपारी मुलांना डॉलविदेलनला न्यावं.

तिन्ही किल्ले एकाच राजाचे, इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डचे. 1282-83च्या मोहिमेत त्याने उत्तर वेल्समधलं ग्विनेदचं राज्य बुडवलं. तिथला राजा लिवेलिन आप ग्रिफिद 11 डिसेंबर 1282 रोजी मारला गेला. त्याचा भाऊ दाविद याला पुढच्या वर्षी श्रूजबरीत हालहाल करून मारलं. त्यानंतर जिंकलेला मुलुख पुन्हा उठू नये म्हणून हे किल्ले उभे राहिले. काम पाहायला सॅव्हॉय प्रांतातून आलेला जेम्स हा वास्तुविशारद होता, आणि गवंडी, सुतार, खंदक खणणारे मजूर इंग्लंडच्या परगण्या-परगण्यांतून सक्तीने आणलेले. एकट्या कॉन्वीवर सुमारे 15,000 पौंड खर्च झाले. किल्ल्याला लागून तटबंदीचं नगर वसवलं, ते बाहेरून आणलेल्या इंग्रजांसाठी. ज्यांची ही जमीन, ते तटाबाहेर.

हे सगळं कॉन्वीत दगडांवर वाचता येतं, पण त्यासाठी वेळ हवा. पश्चिमेच्या दरवाजावर तटाच्या माथ्याशी दगडी तोडे बाहेर काढले आहेत आणि त्यांच्यामध्ये फटी ठेवल्या आहेत. खाली दाराशी आलेल्या शत्रूच्या डोक्यात वरून दगड घालण्याची ती सोय. आतली विहीर 91 फूट खोल, खडकात खणलेली. बाहेरून सगळ्या भिंतींना चुन्याचा पांढरा लेप होता. आज करड्या दिसणाऱ्या त्या आठ बुरुजांवर तो लेप आहे अशी कल्पना करून नदीच्या पलीकडच्या काठावरून पाहा. रात्री चांदण्यातही नजरेआड न होणारी ती पांढरी भिंत तिथल्या शेतकऱ्याला रोज काय सांगत असेल, हे मुलांना वेगळं समजावून द्यावं लागत नाही.

आणखी एक गोष्ट कॉन्वीच्या फलकांवर असते, पण घाईत कुणी वाचत नाही. एडवर्डने हे नगर वसवलं त्या जागी एक मठ होता. लिवेलिन द ग्रेट, म्हणजे मारल्या गेलेल्या लिवेलिनचा आजोबा, 1240 मध्ये वारला तेव्हा त्याला याच मठात पुरलं होतं. एडवर्डने मठ उचलून नदीखोऱ्यात वर कित्येक मैलांवर नेऊन बसवला आणि राजाच्या समाधिस्थळावर आपला किल्ला व नगर रचलं. जागा सोयीची होती, हे खरंच. पण ज्याने शत्रूच्या थोर पूर्वजाची समाधीच हलवली, त्याला नुसती सोय दिसत होती असं मला वाटत नाही.

गेल्या सहलीत कार्नार्वनच्या बुरुजावर साताऱ्याची एक मुलगी माझ्याशेजारी उभी होती. आर्किटेक्चरची विद्यार्थिनी, अजिंक्यताऱ्यावर लहानाची मोठी झालेली. तिने मला विचारलं, "मावशी, हे सगळे यांनी जिंकून घेतल्यावर बांधलेले. मग जे हरले त्यांचे गड कुठे आहेत?" बस सुटायला दहा मिनिटं होती. तिला मी नीट उत्तर देऊ शकेन एवढा वेळ आमच्या वेळापत्रकात नव्हता, आणि माझं भांडण त्या वेळापत्रकाशी आहे. प्रश्न मात्र नेमका होता. गडावर चढणाऱ्या आपल्या मुलांना तो सुचतो. आपण मात्र त्यांना उत्तराच्या ठिकाणी नेत नाही.

उत्तराचं ठिकाण डॉलविदेलन. कॉन्वीहून नदीच्या खोऱ्याने वर गेलं की डोंगरात एका उंचवट्यावर एकच चौकोनी मनोरा उभा आहे. तो लिवेलिन द ग्रेटने तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधला. खोऱ्यातून जाणाऱ्या वाटेवर नजर ठेवण्यासाठी. जानेवारी 1283 मध्ये तो एडवर्डच्या हाती पडला. वरचा मजला नंतरचा आणि माथ्यावरची कंगोरेदार भिंत एकोणिसाव्या शतकातली, त्यामुळे मुलांना जुनं कुठलं नि नवं कुठलं हेही तिथे शोधायला मिळतं. कॉन्वीतून तिथे आल्यावर जे दिसतं ते असं: राज्याचा धनी केवढ्या लहान भिंतींवर भागवत होता आणि जिंकणाऱ्याला किती मोठ्या भिंती लागल्या. वाटेतच ल्लानरुस्त गाव लागतं. तिथल्या चर्चमध्ये लिवेलिन द ग्रेटची म्हणून दाखवली जाणारी कोरीव दगडी शवपेटी ठेवलेली आहे, रिकामी.

समितीतल्या काहींचं म्हणणं असं की मुलं एका दिवसासाठी पैसे भरतात, त्यांना जास्तीत जास्त दाखवावं, आणि डॉलविदेलनला "बघण्यासारखं काही नाही". कार्नार्वनचे बहुकोनी बुरूज आणि त्यावरचे रंगीत दगडांचे पट्टे सुंदर आहेत, ते हुकतील याची मलाही रुखरुख आहे. पण ते स्वतःहून किंवा मित्रांबरोबर मुलं पाहतीलच, प्रत्येक पर्यटनपत्रकावर त्यांचं चित्र आहे. डॉलविदेलन कुणी त्यांना सांगणार नाही. मंडळाने ते करावं जे पर्यटन कंपनी करत नाही.

मला आणखी एका गोष्टीची काळजी वाटते. दर वेळी परतीच्या बसमध्ये कुणीतरी म्हणतं, "यांनी किल्ले कसे जपलेत बघा, नाहीतर आपले." हे वाक्य अपुरं आहे. कॉन्वी 1665 मध्ये छपराचं शिसं नि लोखंड काढून घेऊन उघडा टाकला होता. आज दिसतो तो पुढच्या काळातल्या डागडुजीमुळे. आणि रायगड 1818 मध्ये तोफांच्या माऱ्याने पेटला, तो याच देशातून आलेल्या कंपनीच्या फौजेमुळे. आपल्याकडे गडांवर कचरा होतो, बेशिस्त होते, ते बोललंच पाहिजे. पण नव्या देशात पहिल्याच महिन्यात मुलांच्या मनात ही अर्धवट तुलना पक्की होऊ द्यायची का? एडवर्डचे चार किल्ले 1986 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. जुलै 2025 मध्ये त्याच यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, अकरा महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी. एका यादीत आल्यामुळे ते एकाच जातीचे होत नाहीत. कुणी कुणाविरुद्ध बांधला, हा प्रश्न प्रत्येक दरवाजाशी विचारायची सवय मुलांना लागावी.

हरलेल्यांची गोष्ट 1283 मध्ये संपतही नाही. 1294-95 च्या हिवाळ्यात मादोग आप लिवेलिनने उठाव केला आणि खुद्द एडवर्ड कॉन्वीत अडकून पडला, रसद संपत आली. पुढे ओवेन ग्लिंडूरच्या बंडात, 1401 च्या गुड फ्रायडेला, ट्यूडर घराण्यातल्या रिस आणि ग्विलिम या भावांनी सुतार म्हणून माणसं आत घुसवली. शिबंदी गावातल्या चर्चमध्ये प्रार्थनेला गेली होती. मूठभर लोकांनी आठ बुरुजांचा कॉन्वी घेतला! ही हकीकत मुलांना त्याच दरवाजात उभं राहून सांगावी. सांगायला मी तयार आहे.

माझा प्रस्ताव असा: सकाळी तीन तास फक्त कॉन्वी, किल्ला आणि नगराचा तट दोन्ही, ल्लानरुस्तला जेवण आणि चर्च, दुपारी डॉलविदेलन. डोंगरावरची चढण चिखलाची असते, तेव्हा बूट नीट घालून या असं पत्रकात लिहावं. बसचं भाडं वाढण्याचं कारण नाही, दोन किल्ल्यांची तिकिटं मात्र कमी होतील. पुढच्या समिती बैठकीत मी हे मांडणार आहे, आणि नव्या विद्यार्थ्यांपैकी निदान दोघांना त्या बैठकीला बोलवावं अशीही माझी विनंती आहे.