गुड ईव्हनिंग की गुड नाइट?

गेल्या दिवाळीत आकाशकंदिलाला झिरमिळ्या चिकटवता चिकटवता आमच्या नातीने मला पेचात पकडले. "आजोबा, नाताळला 'मेरी' ख्रिसमस, मग दिवाळीला 'मेरी' दिवाळी का नाही? 'हॅपी'च का?"

मी चष्मा पुसू लागलो. वेळ काढायचा असला म्हणजे मी चष्मा पुसतो, हे घरात सर्वांना ठाऊक आहे. मग आठवले तेवढे सांगितले. १८४३ साली लंडनच्या हेन्री कोल नावाच्या गृहस्थांनी नाताळची छापील शुभेच्छापत्रे काढली. त्यांवर नाताळसाठी 'मेरी' आणि नव्या वर्षासाठी 'हॅपी' असे दोन्ही शब्द शेजारी शेजारी नांदत होते. वर चित्रात सगळे कुटुंब पेले हातात घेऊन बसलेले. एका चिमुरडीच्या ओठांनाही पेला लावलेला! त्यावरून दारूबंदीवाल्या मंडळींनी बराच गवगवा केला. 'मेरी' म्हटले की असे खाणेपिणे, गाणे आणि थोडा धांगडधिंगा आलाच. 'हॅपी' बिचारा सोवळा. तो वाढदिवसाला चालतो, नववर्षाला चालतो. इंग्लंडात पुष्कळ लोक नाताळलाही 'हॅपी'च म्हणतात.

"मग फराळ, फटाके आणि रात्रभर पत्ते, हे 'मेरी' नाही वाटते?" नात म्हणाली. मी पुन्हा चष्मा पुसला.

वाचकहो, या जोडशब्दांपुढे माझी अशी गाळण का उडते, याला कारण आहे. ते साठ वर्षांपूर्वीचे आहे.

१९६३ची दिवाळी. आम्ही गिरगावात चाळीत राहत होतो आणि मी नववीत होतो. वडील, म्हणजे आमचे अण्णा, फोर्टातल्या एका विलायती कंपनीत कारकून. त्यांचा गोरा साहेब फराळाला यायचा होता! दोन दिवस आधीपासून आईने जिना सुद्धा धुऊन काढला होता. शेजारच्या बिऱ्हाडातून खुर्च्या आणल्या होत्या. अण्णा इस्त्रीचा कोट घालून सहापासून दाराशी उभे. साहेब आले तेव्हा सात वाजून गेले होते, बाहेर काळोख पडला होता, गॅलरीत पणत्या तेवत होत्या. अण्णांनी एकदा बाहेर पाहिले, पुढे झाले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "गुड नाइट, सर!"

साहेब क्षणभर थबकले. मग पणत्यांच्या ओळीकडे पाहून हसत म्हणाले, रात्र खरोखरच छान आहे. झाले होते, प्रकरण मिटले होते. पण मी नुकताच इंग्रजीत वर्गात पहिला आलेला! मी ओरडलो, "अण्णा, गुड नाइट नव्हे, गुड ईव्हनिंग!" गॅलरीतली पोरे खो खो हसली.

अण्णाही हसले. पण त्यानंतर तासभर त्यांच्या तोंडून इंग्रजीचा एक शब्द निघाला नाही. चकलीची बशी पुढे करायची आणि मान हलवायची. साहेब निघाले तेव्हा 'गुड नाइट' म्हणायची खरी वेळ आली होती. साहेब म्हणालेही. अण्णांनी नुसते हात जोडले.

आता वाटते, चूक अण्णांची नव्हती. आपल्याकडे नमस्कार येतानाही करतात आणि जातानाही. रामराम तसाच. आपण पाहुण्याला 'या' म्हणून घरात घेतो आणि 'या हं' म्हणूनच निरोप देतो; जाणारा तर चक्क 'येतो' म्हणून जातो! तेव्हा मराठी माणूस उरले ते घड्याळ पाहतो. काळोख पडला, म्हणजे 'नाइट'. इंग्रज मात्र आधी दाराकडे पाहतो. माणूस भेटतो आहे की निघाला आहे? रात्री दहाला भेटला तरी 'गुड ईव्हनिंग'च. 'गुड नाइट' हा निरोप. म्हणजे अण्णांनी साहेबांना उंबऱ्यावरूनच वाटेला लावले होते.

माझी पाळी यायला पंधरा वर्षे लागली. १९७८ साली कचेरीने मला तीन आठवड्यांसाठी लंडनला धाडले. एका घरी जेवायला बोलावले होते. यजमानांनी हात पुढे करून विचारले, "हाउ डू यू डू?" मी सांगू लागलो. सर्दी झाली आहे, विमानात झोप लागली नाही, इथल्या गारठ्याने गुडघा धरला आहे. यजमान माझा हात तसाच धरून शेवटपर्यंत ऐकत उभे राहिले. 'हाउ डू यू डू'ला उत्तर द्यायचे नसते, तेच शब्द उलट म्हणायचे असतात, हे मला एका सहकाऱ्याने परतीच्या वाटेवर हळूच सांगितले. 'हाउ आर यू'चे वेगळे. तिथे बरा आहे म्हणून आभार मानावेत, पण गुडघ्यापर्यंत जाऊ नये. (आज इंग्लंडातही 'हाउ डू यू डू' क्वचितच कानी पडते. 'हॅलो' आणि 'हाय'ने त्याला घरी बसवले. ही सुधारणा माझ्या जन्मात थोडी आधी व्हायला हवी होती.)

त्या घरातही दोन मुले जेवणाच्या टेबलाशी बसली होती. त्यांतले एकही हसले नाही, की मला चूक सांगायला उठले नाही. त्या रात्री हॉटेलवर येऊन मी अण्णांना पत्र लिहिले. माझी फजिती सविस्तर लिहिली. चाळीतल्या त्या संध्याकाळचा उल्लेख करावा की नाही, यात अर्धा तास गेला, शेवटी केला.

पंधरा दिवसांनी उत्तर आले. आईचा खोकला, नळाची बदललेली वेळ, शेजारच्या मुलीचे जमलेले लग्न, सारे नेहमीसारखे. त्या दिवाळीबद्दल अवाक्षर नव्हते. सर्वांत खाली, सहीनंतर, त्यांच्या गोल कारकुनी अक्षरात एक ओळ होती: "रात्रीचे दहा वाजले, दिवा मालवतो. गुड नाइट."