शेवटचा अंतरा कोणी कापला?

इंग्रजी वर्तमानपत्रांच्या रंगीत पुरवण्यांतून गेली पंचवीस वर्षे एक रडगाणे अधूनमधून छापून येते. रॉक बँडचे अल्बम खपत नाहीत, कलावंत देशोधडीला लागले, संगीताचा धंदा बुडाला! १९९९ साली अमेरिकेत नॅप्स्टर निघाले आणि पोरे फुकटात गाणी उतरवून घेऊ लागली. २००० साली मेटॅलिका हा बलाढ्य बँड त्याविरुद्ध कोर्टात गेला. २००७ साली इंग्लंडच्या रेडिओहेडने नवा अल्बम इंटरनेटवर ठेवला आणि किंमत श्रोत्यांवर सोडून दिली. २००८ साली स्वीडनमध्ये स्पॉटिफाय सुरू झाले. गाणे विकत घेऊन घरी ठेवायचे नाही, मोबाईलवर इंटरनेटमधून थेट ऐकायचे, यालाच स्ट्रीमिंग म्हणतात. पंधरा वर्षे घसरत गेलेला जगातील ध्वनिमुद्रित संगीताचा धंदा २०१५ पासून याच स्ट्रीमिंगच्या जोरावर पुन्हा वर आला. या उलाढालीवर ग्रंथ निघाले, चर्चासत्रे झडली. परंतु त्यात आमच्या गायन पार्ट्यांची गणती कोणी केली काय?

आमचाही बँड होता. हार्मोनियम, ढोलकी, बेंजो, खंजिरी आणि मागे चार पोरांचा कोरस. त्याला आम्ही गायन पार्टी म्हणत होतो. भीमराव कर्डकांच्या जलशापासून वामनदादा कर्डकांपर्यंत आणि श्रावण यशवंते, गोविंद म्हशीलकर, विठ्ठल उमप यांच्यापर्यंत ही परंपरा वस्तीवस्तीतून चालत आली. ज्यांच्या घरात पुस्तक पोहोचले नव्हते त्यांच्या घरात बाबासाहेब पोहोचले ते या गाण्यांतून. आमच्या सोलापूर जिल्ह्याने या परंपरेला एक पहाडी आवाज दिला. मंगळवेढ्याचे मूळ सांगणाऱ्या शिंदे घराण्यातील प्रल्हाद शिंदे. आषाढीला पंढरपुरात जा, हारवाल्यापासून प्रसादाच्या दुकानापर्यंत प्रल्हाददादांचा आवाज घुमत असतो. ज्या विठ्ठलाच्या देवळाची दारे आमच्यासाठी साने गुरुजींच्या १९४७ सालच्या उपोषणापर्यंत बंद होती, त्याच विठ्ठलाची वारी आज आमच्या माणसाच्या गळ्यावर चालते, हे तिथल्या किती जणांना ठाऊक आहे? असो. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

१९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि एका बड्या कंपनीची मक्तेदारी मोडली. तोवर तबकडी काढणे हे आमच्यातील हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांच्या नशिबी होते. कॅसेटमुळे आनंद शिंदे, मिलिंद शिंदे घराघरात गेले, भीमगीते, बुद्धगीते, कव्वाल्या यांचा पूर आला. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तनदिनी दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या शेजारी कॅसेटचे ढीग लागू लागले. सोलापूरचा यंत्रमाग कामगार आठवड्याच्या पगारातून एखादी कॅसेट घेई आणि ती फीत घासून तुटेपर्यंत वाजवी. त्या काळाचे आम्ही गोडवे गात नाही. कॅसेटच्या धंद्यात कवीला उक्ते पैसे मिळत. एका गाण्याचे एकदाच काय ते हातावर ठेवायचे, कोऱ्या कागदावर सही घ्यायची आणि पुढे कॅसेट लाखाने खपली तरी कवीच्या घरची चूल तशीच. पण त्या कॅसेटला एक कव्हर होते आणि त्यावर बारीक अक्षरात का होईना छापलेले असे, गीत अमुक, संगीत तमुक. लहान पोर ते अक्षर लावून वाचत असे. कवीचे नाव घरात येत होते.

आता येथे थोडे मागे जाऊ या. मंगळवेढा हे चोखोबांचेही गाव. गावकुसाचे बांधकाम करताना भिंत कोसळून त्या ढिगाऱ्याखाली चोखोबा गेले, असे परंपरा सांगते. ज्याला देवळाच्या पायरीवरही उभे राहू दिले नाही त्याचे अभंग सातशे वर्षे टिकले, आणि ते त्याच्याच नावावर टिकले, कारण प्रत्येक अभंगाच्या शेवटी त्याने स्वतःचे नाव गुंफून ठेवले होते. ते नाव नसते तर ते अभंग कोणा भलत्याच्या खात्यावर जमा झाले असते, याबद्दल आम्हास तिळमात्र शंका नाही. वामनदादांनी हेच केले. त्यांच्या असंख्य गीतांच्या शेवटच्या अंतऱ्यात 'वामन' येतो. आमच्या बहुतेक शाहिरांची हीच रीत. ज्याच्या नावाचा सातबारा नाही, त्याने आपल्या नावाची नोंद गाण्यातच करून ठेवली. नोंद पुसायची तर गाणेच मोडावे लागेल, अशी ती सोय होती.

आणि आज नेमके गाणेच मोडले जात आहे! जयंतीच्या मिरवणुकीत डीजे काय वाजवतो ते कान देऊन ऐका. धृपद येते, पहिल्या अंतऱ्याच्या दोन ओळी येतात, मग ठोका सुरू होतो आणि त्या ठोक्यावर तरुण नाचतात. शेवटचा अंतरा कधी येतच नाही. मोबाईलवरील रील तर अर्ध्या मिनिटाची. स्ट्रीमिंगच्या ॲपवर तीस सेकंद गाणे ऐकले की एक वेळ ऐकल्याची नोंद होते, मग पुढचे ऐका न ऐका, धंद्याच्या दृष्टीने फरक पडत नाही. ज्या अंतऱ्यात कवी स्वतःचे नाव सांगतो तो अंतरा या नव्या बाजाराला नकोच आहे. युट्यूबवर एकच गीत दहा ठिकाणी चढवलेले सापडते. चढवणाऱ्याचे नाव ठळक, मिक्स करणाऱ्या डीजेचे नाव त्याहून ठळक, आणि गीतकाराच्या जागी 'पारंपरिक' हा शब्द, किंवा काहीच नाही. मेलेल्या माणसाला पारंपरिक म्हटले की त्याच्या वारसाला काही द्यावे लागत नाही.

नाव गेले की पैसा जातो, हा या धंद्याचा सरळ हिशेब आहे. स्ट्रीमिंगचा पैसा वाटला कसा जातो ते समाजबांधवांनी समजून घेतले पाहिजे. श्रोत्यांची वर्गणी आणि जाहिरातींचे उत्पन्न एका हौदात जमा होते. कंपनी आपला वाटा काढते आणि उरलेला पैसा एकूण किती वेळा कोणाचे गाणे वाजले त्या प्रमाणात हक्कदारांत वाटला जातो. म्हणजे बुधवार पेठेतील मिलिंदनगरच्या एखाद्या पोराने महिन्याची वर्गणी भरून महिनाभर फक्त भीमगीतेच ऐकली, तरी त्याचा पैसा भीमगीतांच्या कवीकडे सरळ जात नाही. तो हौदात पडतो आणि त्यातला मोठा हिस्सा ज्या सिनेमाच्या गाण्यांचा देशभर धुमाकूळ आहे त्यांच्या कंपन्यांकडे वाहत जातो. त्यावर कडी म्हणजे २०२४ सालापासून स्पॉटिफायने नियमच केला की वर्षभरात एक हजार वेळाही जे गाणे वाजले नाही त्याला मानधनाचा एक पैसा मिळणार नाही.

सोलापूरच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. आमच्या हजारो आयाबहिणींनी विड्या वळूनच संसार केले. मजुरी हजार विड्यांमागे. कारखान्यात विडी देताना तपासणारा त्यातल्या काही नापास म्हणून बाजूला काढतो, त्यांचे दाम नाही, पण तंबाखू आणि पान तर त्या बाईच्याच हिशेबातून गेलेले असते. गावातल्या शाहिराचे गाणे वर्षाला आठशे वेळा ऐकले गेले. आठशे वेळा कोणाच्या तरी कानात बाबासाहेब गेले. पण हजार भरले नाहीत म्हणून मजुरी शून्य. ही नापास विडी नव्हे तर दुसरे काय?

काही तरुण मित्र आम्हाला म्हणतील, तुम्ही जुन्याचा कैवार घेता. तसे मुळीच नाही. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले, इंटरनेट स्वस्त झाले आणि त्यानंतर जे घडले ते कॅसेटच्या जमान्यात घडलेच नसते. कडूबाई खरात यांचे उदाहरण घ्या. तेव्हाच्या औरंगाबादेत एकतारीवर बाबासाहेबांची गाणी गात फिरणारी ही बाई. कोणत्याही कंपनीचा उंबरठा न झिजवता, केवळ लोकांनी मोबाईलवर काढलेल्या चित्रफितींमुळे त्यांचा आवाज महाराष्ट्रभर गेला. हे यंत्र दार उघडते, यात वाद नाही. आमचा सवाल दार उघडल्यानंतर आत काय वाढून ठेवले आहे, याचा आहे.

तमिळनाडूकडे पाहा. पा. रंजित यांच्या पुढाकाराने 'कास्टलेस कलेक्टिव्ह' हा बँड उभा राहिला, जानेवारी २०१८ मध्ये चेन्नईत त्यांचा पहिला मोठा कार्यक्रम झाला. गिटार आणि परई एका मंचावर, आणि शब्द सरळ जातीच्या मुळावर घाव घालणारे. याच बँडमधील कवी-गायक अरिवु यांनी आपल्या आजीच्या, मळ्यात राबलेल्या भूमिहीन पिढ्यांच्या आठवणीतून 'एन्जॉय एन्जामी' लिहिले; ते मार्च २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. गाणे कोट्यवधी वेळा वाजले. पुढे त्याच वर्षी एका इंग्रजी संगीत मासिकाच्या मुखपृष्ठावर त्या गाण्याच्या गायिका दी झळकल्या, अरिवु नव्हते, आणि त्यावरून देशभर वाद पेटला. मार्च २०२४ मध्ये संगीतकार संतोष नारायणन यांनी जाहीरपणे सांगितले की या गाण्याचे उत्पन्न आपल्याला, अरिवुंना वा दी यांना मिळालेले नाही. गाणे प्रसिद्ध करणाऱ्या कंपनीने ते नाकारले. खरेखोटे त्यांचे ते पाहतील. परंतु साऱ्या जगाने ऐकलेल्या गाण्याच्या हिशेबाची ही गत, तर माढा-मोहोळच्या शाहिराला हिशेबाचा कागद कोण दाखवणार?

आणि ही ॲपे तरी शाश्वत आहेत काय? २०२४ च्या जानेवारीत रेसो भारतातून बंद झाले, त्याच वर्षी एअरटेलने विंक बंद केले. लोकांनी वर्षानुवर्षे जमवलेल्या गाण्यांच्या याद्या त्यांच्याबरोबर गेल्या. कॅसेट निदान पेटीत पडून राहते. तीही किती दिवस? फितीला बुरशी लागते, ती चिकटते, वाजवायला टेप उरलेला नाही. कित्येक भीमगीतांचे एकमेव ध्वनिमुद्रण आज कोणाच्या तरी माळ्यावर कुजत आहे, असे आम्ही खात्रीने म्हणतो.

कायदा याबाबतीत अगदीच पांगळा नाही. गाण्याचे शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण हे तीन वेगवेगळे हक्क आहेत. ध्वनिमुद्रण ज्याने पैसा लावला त्याचे. शब्द कवीचे, आणि ते लेखी सही केल्याशिवाय दुसऱ्याच्या मालकीचे होत नाहीत. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाचच वर्षे धरली जाते. २०१२ च्या दुरुस्तीने, ज्यासाठी राज्यसभेत जावेद अख्तर झगडले, कवी व संगीतकाराला गाण्याच्या पुढील वापरातील समान वाटा दिला आणि तो कंपनीला लिहून देऊन टाकता येणार नाही, असे बजावले. कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क वारसांचा राहतो. वामनदादा १५ मे २००४ रोजी गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवरील हक्क २०६४ अखेरपर्यंत जिवंत आहे. तो 'पारंपरिक' होण्यास अजून अवकाश आहे, हे चढवणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. गीतकार-संगीतकारांचे मानधन गोळा करणारी आयपीआरएस ही संस्था आहे, तिचे सभासद कवीचे वारसही होऊ शकतात. पण आमच्या किती शाहिरांनी तिथे नाव नोंदवले? संस्था मुंबईत, अर्ज इंग्रजीत, आणि पुरावा काय जोडायचा, तर पिवळी पडलेली वही! आमच्यात वकील झाले, सनदी लेखापाल झाले, प्राध्यापक झाले. त्यांनी रविवारचे दोन तास समाजमंदिरात बसून दहा शाहिरांचे अर्ज भरून दिले तर ती जयंतीच होईल.

प्रल्हाददादाही वामनदादांपाठोपाठ २३ जून २००४ रोजी गेले. त्याच वर्षी सोलापूरला विद्यापीठ मिळाले. दोन दशके लोटली. या जिल्ह्यातील भीमगीतांच्या कॅसेट गोळा करून त्या संगणकावर उतरवणे, प्रत्येक गीतासमोर कवी, चाल, गायक, साथीदार यांची नावे लिहिणे, हे काम विद्यापीठाने हाती घ्यावे, अशी आमची जाहीर मागणी आहे. परंतु विद्यापीठाची वाट पाहत बसू नये. १९२० साली 'मूकनायक'ची जाहिरात 'केसरी'ने पैसे देऊनही छापली नाही, म्हणून बाबासाहेब थांबले नाहीत.

मंडळांनी तर लगेच करण्यासारखे आहे. आवाजाच्या भिंतींवर जो खर्च होतो त्यातला थोडा भाग काढून एक रात्र गायन पार्टी बसवा, तिला आधी ठरलेले मानधन वेळेवर द्या, आणि डीजे लावणारच असाल तर त्याला बजावा की गाणे शेवटच्या अंतऱ्यापर्यंत वाजले पाहिजे. जो युट्यूबवर गाणे चढवतो त्याने कवीचे नाव पहिल्या ओळीत लिहावे, ठाऊक नसेल तर शेवटचा अंतरा ऐकावा. आणि ज्यांच्या घरी जुन्या कॅसेट आहेत त्यांनी फीत खराब झाली तरी कव्हर फेकू नये. दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो काढावेत आणि मागे लिहून ठेवावे की ही कॅसेट कोणत्या साली, कोठे घेतली. वारसाला उद्या आपला हक्क सांगायचा झाला तर त्याच्या हातात तेवढाच एक छापील कागद असणार आहे.