हळदीच्या गाण्यांना वही

कळंबोलीच्या सिडको वसाहतीत आता आपली लग्नं हॉलमध्ये होतात, हळदीला डीजे वाजतो. वाजू द्या. आम्हाला काळजी आहे ती म्हसळा-महाडकडून आलेल्या दादी-नानींच्या कोकणी बोलीतल्या गाण्यांची. घरात हिंदी बोलणाऱ्या नातवंडांना त्यातला निम्मा शब्द कळत नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’ लोकांनी उतरवून ठेवला, म्हणून सतराव्या शतकातली ती मराठी आज वाचता येते. या गाण्यांपैकी बहुतेकांना वहीच मिळाली नाही. गाणारी गेली की चालही जाते. या रविवारी मोबाइल समोर ठेवून नानीला गाऊ द्या. गाणं कोणत्या गावचं, कोणाकडून शिकली, तेही विचारा. उतरवून आम्हाला पाठवा, आम्ही छापू. फक्त शब्द ‘शुद्ध’ करू नका.