पुस्तकं वयानुसार लावू नका

मुलांसाठी मराठी डिजिटल वाचनालय हवं, याबद्दल आपल्या मंडळात दुमत नाही. वाद आहे तो मांडणीचा. पुस्तकं वयानुसार लावावीत असं बहुतेकांना वाटतं. माझा त्याला विरोध आहे.

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय ई-पुस्तकालयात वयाचेच गट आहेत: ३ ते ८, ८ ते ११, ११ ते १४, १४ ते १८. पालकांना ते सोयीचं पडतं. पण जबलपूरच्या ओमतीत राहणारी माझी भाची आणि इथे नागपुरात वाढणारा माझा मुलगा, दोघंही दहा वर्षांचे. भाचीची शाळा हिंदी, मराठी फक्त घरात. देवनागरी ती घडाघडा वाचते, पण ‘हुडहुडी’पाशी अडते. मुलाचं नेमकं उलट. आजीची गोष्ट त्याला पुरती कळते; पानावर जोडाक्षर दिसलं की गाडी थांबते. तिला शब्दाचा अर्थ हवा, त्याला वाचून दाखवणारा आवाज. ८ ते ११ हा गट दोघांपैकी कुणाच्याच कामाचा नाही.

प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर २०१५पासून चार वाचनपातळ्या आहेत. हे वयापेक्षा बरं. पण सोपं पुस्तक म्हणजे बहुधा चिमुरड्यांचं पुस्तक. दहा वर्षांच्या पोराला सशाची गोष्ट दिली, तर तो अपमान समजतो. त्याला भुतं, क्रिकेट आणि रॉकेट हवीत, तीही सोप्या वाक्यांत.

मेरिलंड विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय बाल डिजिटल ग्रंथालयाची आखणी मुलांना सोबत घेऊन झाली. २००२ साली खुल्या झालेल्या या ग्रंथालयात मुखपृष्ठाच्या रंगावरूनही पुस्तक शोधता येई. हसू नका, लेखकाचं नाव टाइप करून शोधणं ही मोठ्यांची सवय आहे. बालभारतीने ‘किशोर’चे जुने अंक ऑनलाइन फुकट दिलेत. १९७१पासूनचा हा खजिना आपण आठवणींच्या ओढीने उघडतो. मुलांना मात्र अंकाचा महिना आणि साल यांच्याशी काय देणंघेणं?

म्हणून मंडळाने निधी नुसत्या स्कॅनिंगवर घालवू नये. प्रत्येक पुस्तकावर तीन वेगळ्या खुणा असाव्यात: वाचायला किती अवघड, समजायला किती अवघड आणि विषय कोणता. मोकळ्या परवान्याची पुस्तकं आधी घ्यावीत. ती ध्वनिमुद्रित करायला मंडळात आजी-आजोबांची वाण नाही. आणि मांडणी ठरवायच्या बैठकीला मुलांना बोलवा, ओमतीतल्यांना व्हिडिओ कॉलवर घ्या. मंडळाच्या समितीने त्यांचं आधी ऐकावं, मग ठराव करावा.