परसातील पत्र्याची शेड

पावसाळा जवळ आला, की शहरातील बंगल्यांच्या व सोसायट्यांच्या बाजूच्या मोकळ्या जागेत लोखंडी खांब उभे राहतात, त्यांवर पत्रे चढतात आणि पाठोपाठ शेजाऱ्याची तक्रार महापालिकेत पोहोचते. प्रश्न क्षुल्लक दिसतो. आम्ही तो तसा मानीत नाही.

घराभोवती जागा सोडण्याचा नियम कोणा अधिकाऱ्याच्या लहरीतून जन्मास आलेला नाही. १८९६ साली मुंबईत प्लेगने जो हाहाकार उडविला, त्यातून १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा नियम पुढे त्यानेच रूढ केला. समोरच्या इमारतीची जितकी उंची, तिच्या निम्मे तरी अंतर मोकळे हवे, म्हणजे तळमजल्यावरील बिऱ्हाडासही आकाश दिसेल, असा त्याचा सरळ अर्थ. आज त्याच पट्ट्यातून सांडपाण्याचे नळ जातात, आणि आग लागली तर बंबवाल्यांस वाट तेथूनच काढावी लागते. तेथे पत्रा ठोकणारा गृहस्थ जागा स्वतःची वापरतो हे खरे. पण उजेड शेजाऱ्याचा अडवितो.

विनापरवाना बांधकाम पाडण्याचा अधिकार १९६६ च्या नगररचना अधिनियमाने महापालिकेस दिला आहे. केवळ पावसापासून बचावासाठी घातलेल्या छपरास तात्पुरती परवानगी मिळू शकते. पण ती मागावयास जातो कोण? आणि पाऊस सरल्यावर छप्पर उतरविणारा सज्जन तर आमच्या पाहण्यात नाही!

तथापि सारा दोष नागरिकाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागास लागू झालेल्या २०२० च्या एकत्रित नियमावलीने १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर घर बांधणाऱ्यास मोठी सवलत दिली. नियमानुसार नकाशा व शुल्क दाखल केल्याची पोच हीच परवानगी. ज्यास घर पोचपावतीवर बांधता येते, त्याने स्कूटरवरील छपरासाठी कचेरीचे खेटे का घालावेत? सरळमार्गी मनुष्य विचारावयास जातो व भिजत राहतो. न विचारता ठोकणारा तक्रार होईपर्यंत निर्धास्त असतो, आणि तक्रारीनंतरही हातोडा कोणाच्या दारी जाईल याचा नेम नसतो.

तेव्हा शासनाने अशा छपराची उंची, क्षेत्रफळ व कुंपणापासूनचे अंतर स्पष्ट ठरवून द्यावे, आणि त्या मर्यादेतील, बाजूंनी उघड्या छपरास लेखी सूचना पुरेशी मानावी. बंबाची वाट मात्र कोणत्याही सबबीवर बुजू देऊ नये. तेथील पत्रा मालक कोण हे न पाहता उतरवावा. महापालिकेने हा तक्ता सुबोध मराठीत छापून पावसाळ्यापूर्वी प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाच्या दारावर लावावा.