ओठ बाळाचा, आळ आईवर

ग्रहणात गरोदर बाईने विळी हाती घेतली की पोटातल्या पोराचा ओठ चिरतो, ही समजूत शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर भेटते, तशी शहरातल्या फ्लॅटमध्येही. ग्रहण सुटते, त्या बाईमागचे टोमणे सुटत नाहीत.

वास्तविक वरचा ओठ गर्भाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात सांधला जातो, टाळू त्यानंतर. पुष्कळदा दिवस गेल्याचेही तोवर कळलेले नसते. जगात साधारण ७०० जन्मांमागे एका बाळाचा हा सांधा अपुरा राहतो. बहुधा अनेक जनुके आणि तंबाखूचा धूर, मधुमेह, फिट्सवरची काही औषधे अशी कारणे एकत्र येतात.

काही घराण्यांत मात्र एकच जनुक पुरते. ‘व्हॅन डर वूड सिंड्रोम’मध्ये बहुधा खालच्या ओठावर दोन बारीक खळगे असतात. कुणाला तेवढेच, कुणाचा ओठ वा टाळूही दुभंगलेली. त्यामागचे ‘आयआरएफ-६’ जनुक २००२ मध्ये सापडले. ते आईकडून येते तसे बापाकडूनही. प्रत्येक अपत्याला ते मिळण्याची शक्यता निम्मी. पण बापाच्या ओठावरचे खळगे पाहतो कोण?

यासाठी घरोघरची वंशावळ मांडावी लागते, रक्ताचे वा लाळेचे नमुने घ्यावे लागतात. बँकेत असताना कर्जप्रकरणांपायी या दोन तालुक्यांतल्या बऱ्याच वंशावळी मी वाचल्या. हक्कसोडपत्रावर सही झाली की लेकीचे नाव सातबाऱ्यावरून जायचे. जनुकांच्या वंशावळीत तसे चालत नाही. सासरी गेलेली लेक, आईकडचा मामा, जन्मताच गेलेले मूल, सगळे लागतात.

माझी धास्ती निराळीच आहे. ‘जनुक’ हा शब्द गावात पोचेपर्यंत त्याचे ‘तिच्या माहेरची खोट’ होईल. विळीवरचा आळ रक्तावर गेला, तर त्या बाईने काय मिळवले? म्हणून संशोधकाने नमुना घेण्याआधी तिची संमती घ्यावी, नवरा आणि सासू यांच्यासमोर सारे मराठीत समजावावे, आणि निघालेले उत्तर त्याच उंबऱ्यावर परत आणून द्यावे.

उपचाराची वाटही तेव्हाच दाखवावी. २०१३ मध्ये पालघरहून, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातूनच, सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत दुभंगलेले ओठ व टाळू आहेत. शस्त्रक्रिया मोफत होते. ओठ तिसऱ्या महिन्यापासून शिवता येतो, टाळू साधारण वर्षाच्या आसपास.

जनुक सापडेल तेव्हा सापडेल. त्याआधी एका सुनेवरचा आळ उतरला, तरी माझ्या लेखी ते संशोधन सार्थकी लागले.